घरची बाग आणि बदलते ऋतू : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ऋतू बदलला की बहुतेक जण आधी खताचं आणि फवारणीचं विचारतात. माती कशी आहे, हे फार थोडे जण विचारतात. घरच्या बागेतली निम्म्याहून जास्त दुखणी मातीतल्या ओलाव्याशी जोडलेली असतात, असं माझं ठाम मत आहे. मुळांना पाणी लागतं तशी हवाही लागते आणि दोन्ही एकाच वेळी मिळाव्या लागतात. त्यामुळे खालच्या बऱ्याच उत्तरांमागे वाफसा हीच कल्पना आहे. मूठभर माती दाबली की गोळा व्हावा, बोटानं ढकलला की फुटावा, हाताला ओल जाणवावी पण चिखल लागू नये. मातीची ही अवस्था म्हणजे वाफसा.

ऋतूनुसार निगा म्हणजे नेमकं काय बदलायचं?

पाण्याचं प्रमाण, कुंडीची जागा, छाटणीची वेळ आणि खताची वेळ. यातली जागा सगळ्यांत जास्त दुर्लक्षित राहते. हिवाळ्यात सूर्य आकाशात खालून जातो, सावल्या लांबतात, आणि उन्हाळ्यात सहा तास ऊन मिळणाऱ्या कोपऱ्यात तेव्हा दोन तासच ऊन पोचतं. उलटही घडतं. थंडीत जिथं कोवळं ऊन छान लागत होतं, तिथंच उन्हाळ्यात तापलेल्या भिंतीची झळ बसते. ऋतू पालटताना एक दिवस सकाळी, दुपारी आणि संध्याकाळी बागेत चक्कर मारून ऊन कुठं पडतंय ते बघा आणि कुंड्या त्याप्रमाणे हलवा.

तारखेवर फार विसंबू नका. नवी पालवी फुटू लागली, कळ्या धरल्या, पानगळ सुरू झाली, की झाडाचा ऋतू बदलला असं समजायचं.

रोज किती पाणी घालावं?

याला आकडा नाही. ‘रोज एक तांब्या’ या हिशोबानं जितकी झाडं दगावतात तितकी तहानेनंही दगावत नसतील. बोट मातीत दोन पेरं खोल घाला. आत कोरडं लागलं तर पाणी घाला, ओलं लागलं तर थांबा. लहान कुंडी उचलून बघितली तरी चालतं. पाणी प्यायलेली आणि तहानलेली कुंडी यांच्या वजनातला फरक हाताला लवकरच ओळखू येतो.

घालाल तेव्हा मात्र पोटभर घाला. तळाच्या भोकातून पाणी बाहेर येईपर्यंत, सावकाश. वरवर शिंपडलेलं पाणी वरच्या थरातच राहतं, मुळंही तिथंच घुटमळतात आणि उन्हाळा आला की आधी तीच होरपळतात. खोलवर ओल पोचली तर मुळंही खोल जातात. जमिनीतल्या झाडाचं आळं खोडाला चिकटून करू नका. पाणी शोषणारी बारीक मुळं फांद्यांच्या घेराखाली पसरलेली असतात, तिथवर आळं रुंद असावं.

कुंडी कशाची आहे यावरही बरंच अवलंबून आहे. मातीच्या कुंडीच्या भिंतीतून पाणी उडून जातं, त्यामुळे ती लवकर सुकते आणि मुळं गार राहतात. प्लास्टिकच्या कुंडीत ओल टिकते, म्हणून पावसाळ्यात आणि थंडीत तिला पाणी जपून घालावं. वेळ सकाळची उत्तम. रात्रभर पानं ओली राहिली की बुरशीचं फावतं.

उन्हाळ्यात दुपारी पानं माना टाकतात. लगेच पाणी घालू का?

आधी माती बघा. कडक उन्हात पानांतून पाणी उडण्याचा वेग मुळांच्या शोषण्यापेक्षा वाढतो, म्हणून ओल्या मातीतलं झाडही दुपारी मान टाकतं आणि संध्याकाळी आपोआप सावरतं. त्याला वर आणखी पाणी ओतलं तर मुळांची हवा कोंडते. सकाळीसुद्धा पानं मलूल दिसत असतील आणि माती कोरडी असेल, तर ती खरी तहान. सकाळी मलूल पण माती ओली असेल, तर मूळकुजीचा संशय घ्यावा.

दुपारी पाणी घालायची वेळ आलीच, तर नळीतलं आधीचं तापलेलं पाणी बाजूला सोडून द्या.

पानांवर भर उन्हात पाणी पडलं तर पानं जळतात म्हणे?

सपाट, गुळगुळीत पानावर बसलेला थेंब सूर्यकिरण एकवटतो खरा, पण ते किरण एकत्र येतात पानाच्या बरेच खाली, आणि थेंब तोवर सुकूनही जातो. लव असलेल्या पानांवर थेंब लवेवर उचलून धरला जातो, तिथं थोडा धोका संभवतो. करपलेल्या कडा बहुधा तहान, गरम वारा किंवा मातीत साठलेले क्षार यांच्यामुळे असतात.

उन्हाळ्यात माती गार कशी ठेवायची?

आच्छादनानं. वाळका पाला, गवत, भुसा किंवा नारळाचा काथ्या यांचा 5 ते 8 सेंटिमीटर जाड थर मातीवर पसरा. बाष्पीभवन घटतं, माती तापत नाही, तण उगवत नाही, आणि खालचा थर हळूहळू कुजून मातीत मिसळतो. फक्त खोडाभोवती चार बोटं जागा मोकळी ठेवा, नाहीतर ओलसर पाल्यानं साल कुजते. उन्हाळ्यासाठी एकच काम करण्याइतका वेळ असेल, तर हेच करावं.

त्याखेरीज कुंड्या एकमेकींजवळ दाटीनं ठेवा, मोठ्यांच्या सावलीत लहान. काळ्या कुंड्या उन्हात फार तापतात, त्यांना बाहेरून गोणपाट गुंडाळा. नाजूक पानांच्या झाडांवर 50 टक्के ऊन अडवणारं हिरवं शेडनेट (सावलीची जाळी) पुरतं. निवडुंग, बोगनवेल, अडेनियम यांना ते लागत नाही. सावलीत बोगनवेल पानांनी भरते आणि फुलं रुसतात.

पाऊस सुरू होण्याआधी काय उरकून घ्यावं?

प्रत्येक कुंडीच्या तळाचं भोक काडीनं मोकळं करा. घट्ट बसलेली माती वरून दोन इंच खुरप्यानं हलवा, मुळं न दुखावता. वाकलेल्या झाडांना काठीचा आधार द्या, पण दोरी खोडाभोवती इंग्रजी आठच्या आकारात, सैल बांधा. कठड्यावरच्या कुंड्या खाली उतरवा. वाऱ्यात पडणारी कुंडी माणसाच्याही जिवावर बेतते.

गच्चीवर बाग असेल तर वजनाचा विचार आत्ताच करा. 1 घनफूट ओली माती साधारण 45 ते 55 किलो भरते. मोठे वाफे तुळयांच्या आणि भिंतींच्या आधारावर असावेत, स्लॅबच्या मध्यावर नव्हेत, आणि स्लॅबची ताकद स्थापत्य अभियंत्याकडून तपासून घ्यावी. पाणी वाहून नेणाऱ्या पन्हाळीच्या तोंडाशी पाला अडकू नये म्हणून जाळी बसवा.

पावसाळ्यात पाणी भरपूर असूनही झाड पिवळं पडतं. का?

भरपूर आहे म्हणूनच. मातीच्या कणांमधल्या पोकळ्या पाण्यानं भरल्या की त्यातली हवा निघून जाते. मुळांना श्वासासाठी प्राणवायू मिळत नाही, ती अशक्त होतात, आणि पाण्यावाटे पसरणाऱ्या बुरश्या त्यांच्यावर चढतात. कुजलेलं मूळ पाणी शोषू शकत नाही. म्हणून पाण्यात उभं असलेलं झाड तहानेल्यासारखं दिसतं, आणि ते तहानलंय असं वाटून आपण आणखी पाणी घालतो. पावसाळ्यातली बरीच झाडं अशीच जातात.

दुसरं कारण म्हणजे नत्र (नायट्रोजन) वाहून जाणं. नायट्रेटच्या रूपातलं नत्र पाण्यात सहज विरघळतं आणि संततधारेत मुळांच्या खाली निघून जातं. मग जुनी, खालची पानं आधी फिकट होतात.

उपाय याच क्रमानं करा. कुंडी कलती करून साचलेलं पाणी काढा, खाली दोन विटा ठेवून तळ मोकळा करा, शक्य असेल तर छपराखाली न्या. दोन-तीन दिवसांत सुधारणा दिसली नाही तर झाड हलकेच उपसून मुळं बघा. निरोगी मुळं पांढरट, घट्ट असतात. कुजलेली तपकिरी, लिबलिबीत आणि कुबट वासाची. ती स्वच्छ कात्रीनं कापा, वरचा पसाराही त्या मानानं कमी करा, आणि झाड कोरड्या, भुसभुशीत मिश्रणात लावा. खताला हात लावू नका. ते नवी मुळं फुटल्यावर.

निचऱ्यासाठी कुंडीच्या तळाशी खडीचा थर द्यावा ना?

ही समजूत सगळीकडे आहे आणि ती चुकीची आहे. बारीक कणांच्या मातीतून पाणी भरड खडीत सहज उतरत नाही. माती पुरती तुडुंब भरेपर्यंत ते सीमेवरच अडकून राहतं. खडीमुळे तो चिंब थर उलट वर, मुळांच्या जवळ सरकतो आणि मुळांची जागा कमी होते. भोकावर जाळीचा तुकडा किंवा खापरी ठेवली की पुरे, तीही माती सांडू नये म्हणून. निचरा सुधारायचा तर संपूर्ण मिश्रणच सुधारा: एक भाग माती, एक भाग चांगलं कुजलेलं खत, एक भाग कोकोपीट (नारळाच्या काथ्याचा भुसा) किंवा भरड वाळू हे साधं प्रमाण बहुतेक झाडांना मानवतं. निवडुंगवर्गाला वाळू किंवा खडी जास्त.

कुंड्यांमुळे डास होतात का?

कुंडीमुळे नाही, तिच्याखालच्या ताटलीत साचलेल्या पाण्यामुळे. डेंग्यू पसरवणाऱ्या एडिस डासाचा अंड्यापासून प्रौढापर्यंतचा प्रवास उबदार हवेत साधारण 7 ते 10 दिवसांत होतो. आठवड्यातून एकदा ताटल्या, झाऱ्या, रिकामे डबे कोरडे करा, आणि नुसतं पाणी न ओतता आतून घासा, कारण अंडी भांड्याच्या काठाला चिकटलेली असतात. कमळाच्या टबात गप्पीसारखे मासे सोडता येतात. टबातलं पाणी बाहेरच्या तळ्यात किंवा ओढ्यात मात्र जाऊ देऊ नका.

छाटणी नेमकी कधी करावी?

झाड कुठल्या फांदीवर फुलतं, यावर सगळं ठरतं. गुलाब, मोगरा, जास्वंद, बोगनवेल नव्या फुटव्यावर फुलतात. त्यांची छाटणी वाढीच्या हंगामाच्या तोंडाशी करायची. मोगऱ्याची थंडी ओसरताना, म्हणजे उष्मा वाढताच नवे फुटवे कळ्या घेऊन येतात. गुलाबाची पाऊस संपून हवा कोरडी झाल्यावर. त्यानंतर साधारण 6 ते 8 आठवड्यांनी बहर येतो. ज्यांच्या कळ्या मागच्या हंगामाच्या जून फांदीवर तयार झालेल्या असतात, उदाहरणार्थ हायड्रेंजियाच्या अनेक जाती, त्या बहर ओसरल्यावर लगेच छाटाव्यात. अवेळी छाटलं तर झाड मरत नाही, पण त्या वर्षीची फुलं जातात.

कशी छाटायची? आधी वाळलेलं, रोगट आणि एकमेकांत घुसलेलं काढा. मग उरलेल्या फांद्या बाहेरच्या बाजूला तोंड असलेल्या डोळ्याच्या (जिथून फुटवा येतो त्या कोंबाच्या) साधारण अर्धा सेंटिमीटर वर, तिरक्या कापा, म्हणजे नवा फुटवा बाहेर वाढतो आणि मध्यभागी हवा खेळती राहते. निरोगी झाडाचा एक तृतीयांशाहून जास्त भाग एका वेळी काढू नये. गुलाबाच्या झुडपाला निम्मी छाटणीही सोसते. सिकेटर (छाटणीची कात्री) धारदार हवा. चेचलेली फांदी भरून यायला वेळ लागतो आणि तिथून रोग शिरतो. एका झाडावरून दुसऱ्याकडे जाताना पाती 70 टक्के अल्कोहोलनं पुसा.

भर उन्हाळ्यात आणि संततधारेत मोठी छाटणी टाळाच. सुकलेली फुलं खुडणं, तुळशीच्या मंजिऱ्या काढणं आणि शेंडे खुडणं ही कामं मात्र वर्षभर चालू ठेवा. बी धरायला जाणारी शक्ती त्यामुळे पुन्हा पानाफुलांकडे वळते.

शेवंती आणि पॉइन्सेटिया हिरवेगार आहेत, पण फुलत नाहीत.

रात्री त्यांच्यावर दिवा पडतो का ते बघा. ही झाडं रात्र लांबल्यावरच कळ्या धरतात, आणि ती रात्र अखंड अंधाराची लागते. पॉइन्सेटियाला काही आठवडे सलग रोज सुमारे 14 तासांचा अंधार हवा. व्हरांड्यातला किंवा रस्त्यावरचा दिवा रात्रभर पडत असेल तर झाडाच्या लेखी रात्र लांबतच नाही. कुंडी रात्री दिवा न पडणाऱ्या कोपऱ्यात हलवा किंवा संध्याकाळी खोक्यानं झाका, सकाळी उघडा. जातिवंत रोप, भरपूर खत, सगळं असूनही फक्त या एका दिव्यापायी फुलं अडलेली असतात.

खत कधी आणि किती द्यावं?

झाड वाढत असताना, ओल्या मातीत, थोडं थोडं. कडक उन्हाळ्यात, थंडीच्या सुप्तावस्थेत आणि आजारपणात देऊ नये. ‘झाड खचलंय, जरा खत घालू’ हा विचार प्रेमापोटी येतो, पण दुबळ्या मुळांभोवती क्षार वाढले की मुळांतलंच पाणी बाहेर ओढलं जातं आणि पानांच्या कडा करपतात.

कुजलेलं शेणखत किंवा गांडूळखत ऋतू बदलताना मूठ-दोन मूठ वरच्या मातीत मिसळलं तर बहुतेक कुंड्यांना तेवढं पुरतं. फुलझाडांना कळ्या धरताना पालाश (पोटॅशियम) जास्त हवं. नत्राचा मारा केला की नुसती पानं वाढतात आणि त्या लुसलुशीत पानांवर मावा ही रस शोषणारी कीड धावून येते. मातीवर पांढरा थर दिसू लागला तर तो क्षारांचा असतो: वरचा थर खरवडा आणि कुंडीतून दोन-तीनदा भरपूर साधं पाणी निथळून जाऊ द्या.

पानं बोलतात ती अशी. जुनी पानं सरसकट पिवळी, तर नत्र कमी. जुन्या पानांच्या शिरा हिरव्या आणि मधला भाग पिवळा, तर मॅग्नेशियम. 1 लिटर पाण्यात 5 ग्रॅम एप्सम सॉल्ट फवारता येतं. अगदी नवी पानं पिवळी आणि शिरा हिरव्या, तर लोह. लोह बहुतेक वेळा मातीत असतंच, पण चुनखडीच्या किंवा पाणथळ मातीत मुळांना ते घेता येत नाही, म्हणून आधी निचरा सुधारा.

अंड्याची टरफलं? चालतील, पण ती कुजायला फार वेळ लागतो. पूड करून घाला आणि लगेच फरकाची अपेक्षा ठेवू नका.

घरच्या कंपोस्टला पावसाळ्यात वास येतो.

ओला कचरा जास्त झाला आणि हवा कोंडली. एक भाग ओल्या कचऱ्याला दोन ते तीन भाग सुका पाला घाला आणि ढीग वरखाली करा. डोळ्यांत झोंबणारा वास आला तर नत्र जास्त आहे, कुजक्या अंड्यासारखा आला तर हवा नाही; दोन्हींवर सुका पाला हाच उपाय. तयार खत काळसर, भुरभुरीत असतं, त्याला पावसात भिजलेल्या मातीचा वास येतो आणि ते हाताला गरम लागत नाही. अर्धकच्चं खत कुंडीत घातलं तर कुजताना ते मातीतलंच नत्र वापरतं.

कुठल्या ऋतूत कुठली कीड बघायची?

कोरड्या उन्हाळ्यात लाल कोळी आणि फुलकिडे. पानं धुरकट, बारीक ठिपक्यांची झाली आणि खाली तलम जाळी दिसली की कोळी समजा. पानांच्या खालच्या बाजूनं पाण्याचा जोरदार फवारा दिला तरी बराच आटोक्यात येतो. पावसाळ्यात गोगलगायी, पानांवरचे करपे, मर (झाड सुकवून मारणारा रोग). थंड, कोरड्या दिवसांत मावा आणि भुरी (पानांवर पांढरी भुकटी दिसणारी बुरशी). भुरीच्या बीजाणूंना रुजायला पानावर पाण्याचा थर लागत नाही, म्हणून पाऊस थांबल्यावरही ती पसरते. दाटी कमी करणं आणि ऊन मिळवून देणं हा तिच्यावरचा पहिला उपाय.

पिठ्या ढेकूण कोणत्याही ऋतूत सापडेल. तो थोडा असताना अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसानं टिपून काढा. झाडावर मुंग्यांची रांग दिसली तर ती सूचना समजा: मावा आणि पिठ्या ढेकूण यांचा गोड चिकट स्राव मुंग्या खातात आणि बदल्यात त्यांचं राखण करतात. त्याच चिकट्यावर पुढे काळी बुरशी चढते.

फवारणीआधी मित्रकिडी शोधा. ढालकिड्याची अळी काळपट, काटेरी, भीतिदायक दिसते, पण ती मावा फस्त करते. तिला मारू नका.

कडुनिंबाचं तेल कसं फवारायचं?

1 लिटर कोमट पाण्यात 1 ते 2 मिली द्रव साबण मिसळा, मग 5 मिली तेल घालून चांगलं ढवळा आणि त्याच दिवशी संपवा. संध्याकाळी फवारा, कारण त्यातलं अझाडिरॅक्टिन हे कीडनाशक द्रव्य उन्हात लवकर निकामी होतं आणि मधमाश्याही तेव्हा परतलेल्या असतात. पानांची खालची बाजू चुकवू नका. आधी एका फांदीवर करून दोन दिवस बघा. फर्नसारख्या नाजूक पानांना ते सोसत नाही. 7 ते 10 दिवसांनी पुन्हा करावं लागतं, कारण अंड्यांतून नवी पिढी येते.

थंडीत काय जपायचं?

पाणी. वाढ मंदावली की शोषणही मंदावतं, आणि उन्हाळ्याच्या सवयीनं घातलेलं पाणी कुंडीत तसंच राहतं. उष्ण प्रदेशातून आलेल्या शोभेच्या अनेक पानझाडांना 10 अंश सेल्सिअसच्या खालची रात्र सोसत नाही; त्यांना आत घ्या किंवा भिंतीच्या उबेला ठेवा. दहिवर गोठण्याइतकी थंडी असेल तर संध्याकाळी झाडावर कापड पसरा, प्लास्टिक नको, आणि सकाळी काढा. थंडीनं काळवंडलेले शेंडे लगेच कापू नका. ते खालच्या डोळ्यांना आडोसा देतात. थंडी सरल्यावर छाटा.

कुंडी मोठी कधी करावी?

तळाच्या भोकातून मुळं बाहेर डोकावली, पाणी घातल्याबरोबर खाली निघून जाऊ लागलं किंवा वाढ थांबली की. नवी कुंडी जुनीपेक्षा 3 ते 5 सेंटिमीटरच रुंद घ्या; फार मोठ्या कुंडीत मुळांविनाची माती ओली राहून सडते. गोल फिरलेली मुळं बोटांनी सोडवा. वेळ वाढीच्या हंगामाच्या सुरुवातीची, फुलावर असताना नको.

हिरवळीचं काय?

एका कापणीत पात्याच्या उंचीचा एक तृतीयांशच भाग कापा, उन्हाळ्यात थोडी उंच ठेवा, आणि ओल्या मातीवर चालू नका.

आठ-दहा दिवस बाहेर जायचं आहे. झाडं कशी टिकतील?

निघण्याआधी सगळ्या कुंड्या सावलीत एकत्र ठेवा, पोटभर पाणी घाला, वर आच्छादन टाका, मोठी फुलं आणि कळ्या काढा. पाण्याच्या बादलीतून कुंडीच्या मातीत जाड सुती दोरी खोचली की पाणी दोरीतून हळूहळू चढत राहतं. ही व्यवस्था निघायच्या आदल्या आठवड्यातच करून बघा, कारण दोरीची जाडी आणि बादलीची उंची यांवर किती पाणी पोचतं ते ठरतं. कुंड्या पाण्याच्या टबात बुडवून जाऊ नका.

झाड मेलं आहे की नुसतं सुप्त आहे, हे कसं कळेल?

फांदीची साल नखानं हलकेच खरवडा. आत हिरवं, ओलसर दिसलं तर ती फांदी जिवंत आहे. तपकिरी आणि कोरडं दिसलं तर तसंच खाली खाली खरवडत या. अनेकदा वरचं सगळं वाळलेलं असतं आणि बुंध्यापाशी जीव असतो. तिथपर्यंत छाटा, पाणी बेतानं द्या आणि नव्या वाढीचा हंगाम संपेपर्यंत वाट बघा. मुळंही कोरडी, ठिसूळ निघाली तरच उपटा. मर रोगानं किंवा मूळकुजीनं गेलेलं झाड कंपोस्टमध्ये टाकू नका, त्या कुंडीतली माती दुसऱ्या कुंडीत मिसळू नका, आणि कुंडी साबणानं घासून कडक उन्हात वाळवल्यावरच पुन्हा वापरा.